दंगलीनंतर सिनेमाला कोण जातं?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘हिंसाचार आणि सार्वजनिक जागा’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



सकाळच्या सत्रात आपण दंगलीनंतरचे पंचनामे, नुकसानभरपाई आणि पोलिसांनी नोंदवूनच न घेतलेल्या तक्रारी यांवर बोललो. त्याच्या पाठोपाठ मी सिनेमावर बोलणार आहे हे कळल्यावर जेवताना एकीनं मला विचारलं, “अगं, रेशन आणि कोर्टकचेऱ्या सोडून सिनेमा कशाला काढलास?” तिचा प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी आणखी काहीजणींच्या मनातही तो असणार, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

सिनेमा ही गरजेची गोष्ट नाही, म्हणूनच मी त्याबद्दल बोलते आहे. शहरातली संचारबंदी दोन तासांसाठी उठली की बाई पिशवी घेऊन बाहेर पडते. रॉकेल आणते, दूध आणते, पाणी भरते. दोन दिवसांनी ती धुण्याभांड्याच्या कामावर हजर होते. तिला भीती वाटते की नाही हे कुणी विचारत नाही, कारण ती बाहेर पडली नाही तर घर चालणार नाही. तिच्या भीतीवर घरानं मात केलेली असते ती घराच्या सोयीसाठी. सिनेमाला न गेल्यानं मात्र कुणाचंच काही अडत नाही, तिच्याशिवाय. त्यामुळे रस्त्यावर हिंसाचार झाला की बाईच्या आयुष्यातून सगळ्यांत आधी वजा होतात त्या अशा बिनकामाच्या गोष्टी. सिनेमा, जत्रा, चौपाटी, मैत्रिणीकडे रात्रीचं थांबणं. त्या परत येतात त्याही सगळ्यांत शेवटी, आणि पुष्कळदा येतच नाहीत.

म्हणून मला वाटतं, शहरात खरोखर शांतता आली की नाही हे बघायचं असेल तर दुकानं उघडली का एवढंच बघून भागणार नाही. सहाच्या खेळाला बाया येतात का, कुणाबरोबर येतात, आणि परत घरी कशा जातात, हेही बघायला हवं.

आता, बायकांसाठी सिनेमाला जाणं म्हणजे काय होतं ते जरा आठवू या. आपल्यातल्या ज्या खेड्यांतून किंवा तालुक्याच्या गावांतून आल्या आहेत त्यांना तंबूतला सिनेमा आठवत असेल. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायापोरं, मध्ये दोरी नाहीतर पडदा. गावातल्या थिएटरांना बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी असायची. ही व्यवस्था बायकांना वेगळं काढणारी होती, हे खरंच. पण त्याच व्यवस्थेमुळे थिएटर ही बायकांनीही यायची जागा आहे हे मान्य झालेलं होतं. दुपारच्या खेळाला आळीतल्या पाचसहाजणी मिळून निघायच्या. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा तो बघायला बायकांनी जी गर्दी केली ती सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. त्या सिनेमातली सोसणारी सून आपल्याला पटत नाही आणि त्यावर आपण पुष्कळ टीका केली आहे. ती टीका आजही मला योग्य वाटते. पण तो बघायला घराबाहेर पडलेल्या बायका हा एक वेगळा मुद्दा आहे. अडीचतीन तास अंधारात बसायचं, कुणी चहा मागणार नाही, कुणाचं पोर रडलं तर तिची ती बघेल, आणि रडू आलं तर का रडतेस म्हणून कुणी विचारणार नाही. एवढी मोकळीक बाईला दुसरीकडे कुठे मिळत होती? देवळात मिळत होती, पण तिथे उपास करून जावं लागतं.

थिएटरात छेडछाड होत नव्हती असं नाही. मागच्या खुर्चीवरून पाय लावणं, अंधारात हात लावणं, शिट्ट्या, हे सगळं तेव्हाही होतं. सेफ्टीपिन घेऊन बसणाऱ्या मुली इथेही असतील. पण त्या हिंसेशी बायका आपापल्या रीतीनं झुंजत होत्या. एकमेकींच्या मध्ये बसायचं, कोपऱ्यावरची खुर्ची वयस्क बाईला द्यायची, असं चालायचं. सामूहिक हिंसाचारानं जे होतं ते निराळं होतं. ते मी मुंबईच्या उदाहरणावरून सांगते.

६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३मध्ये मुंबईत दंगली झाल्या. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दोन्ही वेळचे मिळून ९०० मृत्यू नोंदले आहेत, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. शहर जेमतेम सावरत होतं, तोच १२ मार्च १९९३ला बॉम्बस्फोटांची मालिका झाली. २५७ माणसं गेली. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार अशा ठिकाणांबरोबर दादरचं प्लाझा थिएटरही त्यात होतं. गाडीत ठेवलेला बॉम्ब तिथे फुटला आणि माणसं मेली.

प्लाझा म्हणजे काय हे मुंबईबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं. दादर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं, व्ही. शांतारामांच्या नावाशी जोडलेलं हे थिएटर मराठी कुटुंबांचं हक्काचं होतं. बाजूला भाजी, फुलं, साड्यांची दुकानं. दादरला खरेदी करायची आणि प्लाझाला सिनेमा बघून घरी जायचं, हा कितीतरी बायकांचा महिन्या-दोन महिन्यांतला एक दिवस होता. बॉम्ब ठेवणाऱ्यांनी गर्दीची जागा निवडली. त्या गर्दीत अशा बायकाही असणार हे उघड होतं.

पुढे काय झालं? प्लाझा दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं. प्रेक्षक परतायला तर फारसा वेळ लागलाच नाही. स्फोटांनंतर महिन्याभरातच, एप्रिल १९९३मध्ये ‘आँखें’ प्रदर्शित झाला आणि त्या सालातला सर्वांत जास्त कमाईचा हिंदी सिनेमा ठरला. ज्या नटाला त्याच महिन्यात स्फोटांच्या प्रकरणात अटक झाली, त्या संजय दत्तचा ‘खलनायक’सुद्धा त्याच वर्षी जोरात चालला. सिनेमाच्या धंद्यातली माणसं यावरून म्हणतात की लोक भीत नाहीत, चार दिवस घरात बसतात आणि पुन्हा येतात. २००८ सालीही असंच म्हटलं गेलं. २६ नोव्हेंबरच्या रात्री हल्लेखोरांनी मेट्रो सिनेमाच्या चौकात गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी, २८ तारखेला लागलेल्या सिनेमांना व्हायचा तो फटका बसला. पण १२ डिसेंबरला ‘रब ने बना दी जोडी’ लागला आणि तो प्रचंड चालला. मध्ये पुरते तीन आठवडेही गेले नव्हते.

ही माहिती खरी आहे. माझा आक्षेप ‘लोक’ या शब्दाला आहे. तिकीटबारीवर जमा झालेल्या पैशांवरून किती तिकिटं गेली ते कळतं. ती कुणी काढली, दुपारची का रात्रीची, एकटीनं का नवऱ्याबरोबर, हे कळत नाही. मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुक करणारे अग्रलेख निघतात तेव्हा त्यात रात्री साडेबाराला थिएटरातून बाहेर पडणारा माणूस गृहीत धरलेला असतो. तो बहुतेक वेळा पुरुष असतो.

आम्ही आमच्या वस्तीतल्या बैठकांमध्ये हा विषय काढत आलो आहोत. प्रश्न अगदी साधे ठेवले: थिएटरात शेवटचा सिनेमा कुठला बघितलास, कुणाबरोबर गेली होतीस, कितीचा खेळ होता, आणि जायचं कधी थांबलं? पहिल्या प्रश्नाला हसाहशी होते. कुणी हिरोचं नाव घेतं, कुणी गाणं म्हणतं. चौथ्या प्रश्नाला मात्र बाया गप्प होतात आणि मग उत्तरं येतात. एक म्हणाली, “त्र्याण्णवला सासऱ्यांनी सांगितलं, दिवस वाईट आहेत, थोडे दिवस नको. मग ते थोडे दिवस कधी संपले ते कुणी सांगितलंच नाही.”

या वाक्यात मला सगळा विषय सापडला. हिंसाचार झाल्यावर भीती सगळ्यांनाच वाटते. पुरुषांनाही वाटते, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण पुरुषाची भीती ही त्याची असते. ती ओसरली की तो उठून जातो. बाईच्या बाबतीत तिची भीती आणि तिच्याबद्दल घराला वाटणारी भीती या दोन्ही एकत्र येऊन त्याचा नियम होतो. भीती जाते, नियम राहतो. आणि हा नियम कुणी रागानं घातलेला नसतो. काळजीनं घातलेला असतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. “मी नाही म्हणत नाही, पण बघतेस ना काय चाललंय ते”, असं कुणी म्हटल्यावर बाई काय बोलणार? पुढे त्यात मुलगी वयात येते, आणि आईला घातलेला तात्पुरता नियम मुलीला जन्मापासूनची रीत म्हणून मिळतो.

मुसलमान मैत्रिणींचं याहून अवघड होतं. दंगलीनंतर मुंबईतली वस्तीच हलली. मिश्र वस्त्यांतली कितीतरी मुसलमान कुटुंबं आपली घरं सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. घर बदललं की थिएटरही बदलतं. पूर्वी ज्या थिएटरला चालत जात होतो ते आता ‘त्यांच्या’ भागातलं झालेलं असतं. बुरखा घातला तर बाहेरचे बघतात, काढला तर घरचे बोलतात. एकीनं सांगितलं की दादरच्या बाजूला जाताना ती मुलांना “मला अम्मी म्हणू नका, मम्मी म्हणा” असं बजावायची. सिनेमा बघायला जाताना मुलांना हे शिकवावं लागत असेल तर त्या बाईची सिनेमाला जायची इच्छा नाही, असं म्हणायचं का? तिची इच्छा जागेवरच आहे. त्या इच्छेला पडणारी किंमत वाढली आहे.

तुमच्यातली कुणी म्हणेल, सगळा दोष दंगलीवर कशाला? टीव्ही आला म्हणून लोक थिएटरात जायचे थांबले. हेही खरं आहे आणि ते टाळून आपल्याला पुढे जाता येणार नाही. व्हिडिओ त्याआधीच आले होते. झी टीव्ही सुरू झाला ऑक्टोबर १९९२मध्ये, म्हणजे दंगलींच्या जेमतेम दोन महिने आधी. केबलवाल्याची तार खिडकीतून आत येत होती त्याच हिवाळ्यात बाहेर जाळपोळ चालली होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या मदतीला आल्या. “घरातच दिसतंय की, बाहेर कशाला जायचं?” हे वाक्य भीतीला फार सोयीचं पडलं. फक्त एक फरक होता. सिनेमा घरी आला, पण बाईची सुट्टी घरी आली नाही. घरातल्या सिनेमात ती मध्यंतरात पोळ्या लाटते आणि शेवट चुकवते.

एक बाई असंही म्हणाली, “ताई, मला सिनेमा नको, त्या तीन तासांत झोप द्या.” तिचंही म्हणणं मी इथे मांडते, कारण सगळ्याच बायका सिनेमासाठी तळमळतात असं चित्र मला उभं करायचं नाही. पण झोप आणि सिनेमा या दोन्ही मागण्या एकाच वेळेबद्दलच्या आहेत, जी वेळ तिची स्वतःची आहे.

इच्छेबद्दल बोलताना आणखी एक भान ठेवायला हवं. न जाणाऱ्यांना भित्रं ठरवायचं नाही. यासाठी मुंबई सोडून जरा काश्मीरकडे बघू या, कारण तिथे थिएटरांवरची बंदी दिवसांत किंवा महिन्यांत मोजता येत नाही. १९८९ साली अतिरेकी संघटनांनी सिनेमागृहं आणि दारूची दुकानं बंद करण्याचा हुकूम काढला आणि १९९० उजाडेपर्यंत खोऱ्यातली थिएटरं बंद झाली. काही जळाली, काहींमध्ये सुरक्षादलांचे तळ बसले. १९९९ साली श्रीनगरच्या लाल चौकातलं रीगल पुन्हा उघडलं, तर तिथे प्रेक्षकांवर हातबॉम्ब टाकला गेला आणि एक माणूस मेला. ते पुन्हा बंद झालं. तिथे नवं मल्टिप्लेक्स उघडलं ते सप्टेंबर २०२२मध्ये. म्हणजे आई झालेल्या बाईनं आपल्या गावात कधी मोठा पडदा पाहिलेला नाही, अशी एक पिढी तिथे होऊन गेली. अशा ठिकाणी कुणी सिनेमाला गेलं नाही तर तो शहाणपणा आहे. आणि नवं थिएटर उघडल्याचे फोटो छापून आले म्हणजे सगळं सुरळीत झालं, असंही समजायचं कारण नाही. थिएटरला कुलूप नसणं आणि थिएटरला निर्धास्त जाता येणं यांत पुष्कळ अंतर आहे.

आतापर्यंत मी थिएटरबाहेरच्या हिंसाचाराबद्दल बोलले. पण खुद्द सिनेमावरच हल्ला होतो तेव्हा काय होतं? आपल्या चळवळीला हा अनुभव १९९८ साली चांगलाच आला. दीपा मेहतांचा ‘फायर’ सेन्सॉरनं मंजूर केलेला होता. मुंबईत तो तीनेक आठवडे शांतपणे चालला होता. बायका तो बघायला जात होत्या. २ डिसेंबर १९९८ला शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये आणि न्यू एम्पायरमध्ये घुसून तोडफोड केली, खेळ बंद पाडले. महिला आघाडीच्या बायका त्यात पुढे होत्या. राज्यात तेव्हा युतीचं सरकार होतं, आणि मुख्यमंत्र्यांनी या प्रकाराचं समर्थन केलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये हेच घडलं. त्यानंतर स्त्री-संघटना आणि समलिंगी स्त्रियांचे गट दिल्लीत रीगलसमोर निदर्शनं करायला उभे राहिले. ‘फायर’ पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये काटछाट न होता परत आला.

त्या दिवशी काचा फोडणाऱ्यांत बायका होत्या, हे आपल्याला बोचतं आणि बोचायला हवं. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या आत खुर्च्यांवर बसलेल्या बायका. ज्यांनी घरी ‘बाजारात जाते’ सांगून तिकीट काढलं असेल त्या. ज्यांना पडद्यावर पहिल्यांदाच स्वतःसारखं कुणी दिसलं असेल त्या. बाहेर काचा फुटल्यावर त्यांना पोलिसांकडे तक्रार करणंही शक्य नव्हतं, कारण आपण तिथे होतो हेच त्यांना सांगता येत नव्हतं.

वीस वर्षांनी तेच झालं, ‘पद्मावत’च्या वेळी. राणीच्या म्हणजे स्त्रीच्या इज्जतीसाठी लढतो म्हणणाऱ्यांनी रस्त्यावर गाड्या जाळल्या. गुरुग्रामला २४ जानेवारी २०१८ला शाळेच्या बसवर दगडफेक झाली. १८ जानेवारीलाच सर्वोच्च न्यायालयानं राज्यांनी घातलेल्या बंदीला स्थगिती दिली होती. तरी मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेनं राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशात सिनेमा न दाखवण्याचं ठरवलं. त्या सिनेमातल्या जोहाराच्या उदात्तीकरणावर आपण स्वतंत्रपणे वाद घालू. पण तो वाद घालण्यासाठीही सिनेमा बघायला मिळायला हवा ना! मुद्दा असा, की स्त्रीच्या सन्मानाचं नाव घेऊन थिएटरवर दगड मारला की पहिल्यांदा घरी बसते ती स्त्रीच. पोलिसांची तऱ्हाही ठरलेली. दगड मारणाऱ्याला थांबवण्यापेक्षा खेळ थांबवणं सोपं जातं.

आता यातलं सगळ्यांत दुखरं उदाहरण. १६ डिसेंबर २०१२, दिल्ली. ती मुलगी आणि तिचा मित्र साकेतच्या एका मॉलमध्ये सिनेमा बघून निघाले होते. शेवटचा खेळही नव्हता तो, संध्याकाळचा होता. घरापर्यंत जायला रिक्षावाले तयार होईनात. म्हणून मुनीरकाच्या थांब्यावर ते परवान्याशिवाय धावणाऱ्या एका खाजगी बसमध्ये चढले. पुढचं आपल्याला माहीत आहे, मी ते पुन्हा सांगत नाही. देशभर लोक रस्त्यावर आले आणि त्या रागातून कायदा बदलला. पण त्याच दिवसांत घराघरांतून दुसराही एक आवाज येत होता: “रात्रीची सिनेमाला गेलीच कशाला?” कामावरून परतत असती तर हा प्रश्न थोडा दबक्या आवाजात आला असता. सिनेमा म्हटल्यावर तो मोठ्यानं आला.

हा प्रश्न उलटा करून विचारा. सिनेमा संपल्यावर घरी जायला सरकारी बस का नव्हती? नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्यांना कुणी का अडवत नव्हतं? परवाना नसलेली बस पोलिसांच्या डोळ्यांदेखत फिरत कशी होती? न्या. वर्मा समितीनं २३ जानेवारी २०१३ला दिलेल्या अहवालात स्त्रियांवरच्या अत्याचारांचं खापर ढिसाळ कारभारावर फोडलं, ते योग्यच केलं. पण त्या घटनेनंतर कितीतरी मुलींचे संध्याकाळचे क्लास, नाटकाच्या तालमी आणि सिनेमे बंद झाले, त्यांची नोंद कुठल्या समितीकडे आहे?

आपल्याकडच्या व्यवस्थेची मानसिकता बघा. मुंबईत मे १९९२मध्ये चर्चगेट-बोरीवली अशी बायकांची स्पेशल लोकल सुरू झाली. तिचं स्वागतच आहे. पण ती धावते ऑफिसच्या वेळांना. बाई कामाला निघाली की तिच्यासाठी गाडी, आणि मजेला निघाली की तिच्यासाठी प्रश्न. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल नेमकं हेच मांडलं आहे. शहरात बाईला सतत काहीतरी कारण हातात धरून वावरावं लागतं, आणि कारणाशिवाय रेंगाळण्याचा हक्क हाच खरा नागरिकाचा हक्क आहे.

मग काही जण म्हणतात, आता मल्टिप्लेक्स आहेत, दारावर बॅगा तपासतात, बायकांची झडती घ्यायला पडद्याआड बाई असते, आता कसली भीती? ही सुरक्षितता तिकिटाच्या किमतीत धरलेली असते. जिला ती परवडत नाही तिचं जुनं थिएटर मात्र बंद पडलं आहे. आणि झडती होते ती दारावर, रस्त्यावर काय होईल याची हमी त्यात नसते. दिल्लीतली ती मुलगीही अशाच मॉलमधून बाहेर पडली होती.

तर आपण काय करायचं? “बायांनो, घाबरू नका, बिनधास्त जा”, असं भाषण मी करणार नाही. धीराचा उपदेश करणं सोपं असतं, आणि त्यातून पुन्हा जबाबदारी बाईवरच येते. मला चार कामं सुचतात.

पहिलं, आपण दंगलग्रस्त वस्तीत मदतीला जातो तेव्हा जळालेल्या घराचा पंचनामा करतो, भांडीकुंडी लिहून घेतो. त्याच वहीत आणखी एक रकाना ठेवा: या घरातल्या बाईचं आणि मुलीचं कुठे जाणं बंद झालं? शाळा, शिवणक्लास, माहेर, सिनेमा, जे असेल ते. आणि सहा महिन्यांनी परत जाऊन विचारा. नुकसानभरपाईच्या यादीत हे बसत नाही, मला माहीत आहे. पण लिहिलंच नाही तर ते नुकसान होतं हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

दुसरं, घरात ‘थोडे दिवस नको’ असं ठरतं तेव्हा तारीख मागायची सवय लावू या. थोडे दिवस म्हणजे किती? मे महिन्यापर्यंत? दिवाळीपर्यंत? तारीख पडली की भीती भीतीच राहते, तिचा नियम होत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्या गटातल्या दोघीतिघींनी हे करून पाहिलं आहे आणि घरच्यांना उत्तर द्यावं लागलं आहे.

तिसरं, मागण्या. शेवटच्या खेळाच्या वेळेशी जुळणारी बस, थिएटरपासून स्टेशनपर्यंत चालू असलेले दिवे, चालू स्थितीतली मुतारी, थिएटरात छेडछाड झाली तर दिवे लावून त्या माणसाला बाहेर काढण्याची व्यवस्थापकाची जबाबदारी. आणि सिनेमावर कुणी हल्ल्याची धमकी दिली तर बंदोबस्त खेळ चालू ठेवण्यासाठी लागला पाहिजे, बंद करण्यासाठी नाही. वॉर्डाच्या सभेत बाई पाण्याच्या मागणीबरोबर ही मागणी करते तेव्हा सगळे हसतात. हसू द्यावं आणि मागणी लिहून द्यावी.

चौथं, मिळून जायचं. दंगलीनंतर आपण शांतता मोर्चे काढतो, सद्भावना बैठका घेतो. त्यात बायका एकमेकींच्या शेजारी मान खाली घालून भाषणं ऐकतात. त्याऐवजी दोन्ही वस्त्यांतल्या वीसपंचवीस बायकांनी एखाद्या दुपारी एकाच रांगेत बसून, कुठलाही टुकार का असेना, सिनेमा बघावा. जाताना आणि येताना एकमेकींच्या गल्लीतून जावं. एकीची गल्ली दुसरीला परकी झालेली असते, ती अशानं थोडी ओळखीची होते. आणि मुलांना आईला काय हाक मारायची हे शिकवावं लागत नाही.

आता गटचर्चेसाठी आपण पाच-पाचजणींचे गट करू. मी मघाशी सांगितलेले चार प्रश्न प्रत्येकीनं स्वतःबद्दल सांगायचे आहेत, दुसरीबद्दल नाही. कितीचा खेळ होता, कुणाबरोबर गेली होतीस, आणि थांबलं ते कधी व कुणाच्या शब्दावरून. चहानंतर एकत्र बसू, तेव्हा प्रत्येक गटानं आपल्या गावातलं एक थिएटर आणि त्याच्यापासून घरापर्यंतचा रस्ता कागदावर काढून आणायचा आहे. दिवा कुठे नाही, बस कुठे थांबत नाही, कुठल्या कोपऱ्यावर पावलं भरभर पडतात, ते त्यावर खुणा करून दाखवा. हे कागद आपण आपापल्या नगरपालिकेत घेऊन जाणार आहोत.